ऑनलाइन पाठाचे टाचण कसे करावे?

पत्र: मी दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पावसाळ्यात खाडीपलीकडच्या वाड्यांतील मुलांचे शाळेत येणे वरचेवर बंद पडते, म्हणून नववीच्या विज्ञानाचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करण्याचे काम संस्थेने माझ्याकडे सोपवले आहे. वर्गात घेते तशीच प्रत्येक तासिका फळ्यासमोर उभी राहून मी चित्रित केली. एकेक चित्रफीत ३५ ते ४० मिनिटांची आहे. मुले सुरुवातीची काही मिनिटे पाहतात आणि सोडून देतात. सहकारी म्हणतात, व्हिडिओ छोटे करा. मुख्याध्यापक म्हणतात, पूर्ण तासिका नसेल तर अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे दाखवता येणार नाही. ऑनलाइन पाठाची रचना नेमकी कशी असावी? आणि एक पाठ पूर्ण केल्याशिवाय पुढचा उघडूच नये, अशी सोय करावी का?
— एक विज्ञान शिक्षिका

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ छोटे करण्याचा तुमच्या सहकाऱ्यांचा सल्ला चुकीचा नाही. मात्र तो दुसऱ्या पायरीचा सल्ला आहे आणि पहिली पायरी वगळून तो अमलात आणलात तर एका लांब व्हिडिओऐवजी सहा तुटक व्हिडिओ हाती येतील, एवढाच फरक पडेल. पहिली पायरी तुम्हाला परकी नाही. बी. एड.च्या वर्षात तुम्ही जी पाठ टाचणे, म्हणजे पाठाची लेखी नियोजने, लिहिलीत, त्यांत प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन आणि गृहपाठ असा क्रम होता. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट आणि त्याच्या अनुयायांकडून आलेल्या या पायऱ्या पुढे इतक्या यांत्रिक झाल्या, की अनेक शिक्षक नोकरी लागल्यावर त्यांचे नावही काढत नाहीत. तरीही वर्गात उभे राहिल्यावर आपण नकळत त्याच पायऱ्यांनी चालतो: मागचे विचारतो, आज काय करायचे ते सांगतो, थोडे शिकवून थांबतो, कोणाच्या कपाळावर आठी दिसली तर पुन्हा सांगतो, एखाद्याला फळ्याजवळ बोलावतो. कॅमेऱ्यासमोर यांतले केवळ विषयविवेचन टिकते. प्रश्न तुम्ही तेथेही विचारले असतील, परंतु उत्तर द्यायला समोर कोणी नसल्यामुळे दोन क्षणांनी त्यांची उत्तरेही तुम्हीच दिली असतील. त्यामुळे चित्रित केलेली ४० मिनिटे वर्गातल्या ४० मिनिटांपेक्षा कितीतरी जड होतात. त्यांत मुलाला करण्यासारखे काहीच उरत नाही.

म्हणून ऑनलाइन पाठ रचायचा म्हणजे टाचणातील गळून पडलेल्या पायऱ्या कॅमेऱ्याबाहेर, पण पाठाच्या आत पुन्हा बसवायच्या. व्हिडिओ हा त्या पाठाचा एक भाग असतो आणि बहुतेक वेळा तो सर्वांत मोठा भाग असण्याचे कारण नसते.

लांबीविषयी आधी थोडक्यात सांगतो. २०१४ साली फिलिप गुओ, जूहो किम आणि रॉब रुबिन यांनी ‘एडएक्स’ या ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्हिडिओ पाहिले गेल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्यावर त्यांना असे दिसले, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी सर्वसाधारणपणे सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत. हा आकडा तेव्हापासून सर्वत्र उद्धृत होतो. तो वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ते अभ्यासक्रम स्वेच्छेने नाव नोंदवणाऱ्या मोठ्या माणसांचे होते, नववीच्या मुलांचे नव्हते. आणि त्या अभ्यासाने पाहणे मोजले, शिकणे मोजले नाही. तेव्हा सहा मिनिटे हा नियम मानून घड्याळाबरहुकूम कात्री चालवू नये. जेथे एक कल्पना पूर्ण होते आणि मुलाला काही करायला सांगता येते, तेथे तोडावे. मग तो तुकडा चार मिनिटांचा होवो वा आठ मिनिटांचा.

आता पाठाच्या अंगांविषयी. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर नववी ते बारावीचेही अभ्यासक्रम आहेत आणि तेथे प्रत्येक अभ्यासक्रमाला चार अंगे असावीत असा दंडक आहे: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि शंका मांडण्यासाठी चर्चेची जागा. ही चौकट चांगली आहे, पण ती पाठात काय असावे हे सांगते. कोणत्या क्रमाने असावे, हे सांगत नाही. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी आधी सगळे व्हिडिओ, खाली सगळ्या फाइली आणि तळाशी एक चाचणी, अशी मांडणी दिसते. अंगे चारही असतात आणि तरी पाठ नसतो.

क्रम लावण्यासाठी मी शेवटून सुरुवात करावी असे सुचवीन. नववीच्या पुस्तकातला ‘ध्वनीचा अभ्यास’ हा घटक घेऊ. वर्षाच्या उत्तरार्धात येणारा हा घटक उदाहरणासाठी एवढ्याकरिता घेतो, की हर्णैच्या बंदरात ज्यांचे वडील वा काका तांडेल (नौकेचे प्रमुख) किंवा खलाशी आहेत, त्या मुलांनी नौकेवरचा फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून मासे आणि तळ दाखवणारे यंत्र, पाहिलेला असतो. त्या घटकातला सोनारचा, म्हणजे ध्वनी परत येण्याच्या वेळेवरून पाण्याखालचे अंतर काढण्याच्या तंत्राचा, उपघटक हा आपला एक पाठ. टाचणात ‘विद्यार्थ्यांना सोनारचे तत्त्व समजेल’ असे लिहिण्याची आपली सवय आहे. समजले हे कशावरून ओळखायचे, हे त्या वाक्यात नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘ध्वनी परत येण्यास लागलेला वेळ दिला असता विद्यार्थी समुद्राची खोली काढील आणि निम्मे का करायचे याचे कारण एका वाक्यात सांगेल.’ हे वाक्य लिहून झाले की पाठाचा शेवटचा प्रश्न आपोआप तयार होतो. नौकेवरून सोडलेला ध्वनी तळावर आदळून ०.०४ सेकंदाने परत आला. पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरल्यास खोली किती? उत्तर ३० मीटर, कारण गुणाकाराने येणारे ६० मीटर हे जाण्या-येण्याचे मिळून अंतर आहे.

पाठाची खरी रचना या प्रश्नाच्या चुकीच्या पर्यायांत आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळतो. चाचण्यांत चुकीचे पर्याय बहुधा मनाला येतील ते आकडे टाकून भरले जातात. तसे करू नये. ज्या मुलाने ध्वनीचे जाणे-येणे विसरून नुसता गुणाकार केला, त्याचे उत्तर ६० मीटर येईल. ज्याला दोनचा काही संबंध आहे एवढेच आठवते आणि तो भागण्याऐवजी गुणतो, त्याचे १२० मीटर येईल. आणि ज्याने हवेतला ३४४ मीटरचा वेग वापरला, त्याचे ६.८८ मीटर येईल. हेच तीन आकडे चुकीचे पर्याय म्हणून ठेवले, तर कोणते मूल कोठे अडले आहे हे त्याच्या उत्तरावरूनच कळते आणि वर्गात कपाळावरची आठी पाहून तुम्ही जे करत होता ते दूर बसूनही करता येते. गूगल फॉर्ममध्ये बहुपर्यायी प्रश्नाच्या निवडलेल्या उत्तरानुसार विद्यार्थ्याला वेगळ्या विभागात नेण्याची सोय आहे. ६० निवडणाऱ्याला नौका, तळ आणि जाता-येताचे दोन बाण दाखवणाऱ्या आकृतीकडे न्यावे, ६.८८ निवडणाऱ्याला ‘हा ध्वनी कोणत्या माध्यमातून गेला?’ एवढाच प्रश्न पुन्हा विचारावा. आणि दोघांनाही परत मूळ प्रश्नावर आणावे. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य कोणालाच काही शिकवत नाही.

शेवट ठरला की मागे येत जावे. शेवटचा प्रश्न स्वतः सोडवण्याआधी मुलाने एक अर्धवट सोडवलेले उदाहरण पुरे केलेले असावे: सूत्र आणि किमती तुम्ही लिहून दिलेल्या, शेवटच्या दोन ओळी त्याने भरायच्या. त्याच्याही आधी एक उदाहरण तुम्ही संपूर्ण सोडवून दाखवावे, आणि व्हिडिओची खरी गरज आहे ती येथे. तो पाच-सहा मिनिटांत होतो. त्यात तुमचा चेहरा सतत दिसण्याची गरज नाही. कागद, पेन आणि आवाज पुरतो. पडद्यावर लिहिलेला मजकूर शब्दशः वाचून दाखवू नये. मूल तोच मजकूर एकाच वेळी वाचते आणि ऐकते, आणि दोन्हींमध्ये अडखळते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी दृक्‌श्राव्य शिक्षणावर केलेल्या प्रयोगांतून, आकृती दाखवून तोंडी स्पष्टीकरण देणे हे आकृती, आवाज आणि तोच मजकूर असे तिन्ही एकदम देण्यापेक्षा बरे, असे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

व्हिडिओच्याही आधी प्रस्तावना येते. ती म्हणजे ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आजच्या पाठात आपण पाहणार आहोत’ हे अर्ध्या मिनिटाचे वाक्य नव्हे. खाली पाणी किती खोल आहे हे नौकेवरचे यंत्र दोर न सोडता कसे ओळखत असेल, हा प्रश्न विचारून मुलाला दोन ओळी लिहायला लावाव्यात. उत्तर चुकीचे आले तरी चालेल, किंबहुना बरेचदा चुकीचेच येईल. पुढे व्हिडिओ पाहताना त्याच्याजवळ ताडून पाहायला स्वतःचा काही अंदाज असतो, हा त्याचा उपयोग.

आणि सर्वांत आधी, पाठाच्या अगदी दाराशी, मागच्या अभ्यासावरचे तीन छोटे प्रश्न असावेत: एक कालच्या पाठावरचा, एक साधारण पंधरवड्यापूर्वीचा आणि एक फार मागचा. सोनारच्या पाठाला हा तिसरा प्रश्न ‘गतीचे नियम’ या पहिल्याच घटकातला असेल, कारण अंतर, वेग आणि वेळ यांचा संबंध ज्याच्या डोक्यातून गेला आहे त्याला ध्वनी कितीही समजावला तरी खोली काढता येणार नाही. या पायरीला भक्कम आधार आहे. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी तो वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. आपली मुले व्हिडिओ दोनदा पाहून ‘कळले’ म्हणतात तेव्हा ती त्या पहिल्या पाच मिनिटांत असतात. या प्रश्नांना गुण देऊ नयेत. गुण दिले की उत्तरे गटावर फिरू लागतात, हे तुम्हाला सांगायला नको.

हे सगळे मिळून एका पाठाला अर्धा तास पुरेसा आहे. कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये, केंद्राने काढलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत नववी ते बारावीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त चार सत्रे सांगितली होती. ती मर्यादा सर्व विषयांची मिळून होती, त्यामुळे विज्ञानाच्या वाट्याला रोज एकापेक्षा अधिक सत्र येत नाही. शिवाय या अर्ध्या तासातला बराचसा वेळ मूल पडद्यावर नव्हे, वहीवर असावे. आठवड्यातून एकदा सर्वांना प्रत्यक्ष ऑनलाइन भेटत असाल तर ती वेळ शिकवण्यात घालवू नका. त्या आठवड्यात ६० मीटर उत्तर देणारे किती निघाले ते पाहून तेवढ्याच गोष्टीवर बोला, मुलांना बोलते करा आणि बैठक वेळेआधी संपली तरी संपू द्या.

किनाऱ्यावरच्या परिस्थितीचा विचार बाहेरून आलेल्या कोणत्याही नमुन्यात नसतो, तो तुम्हालाच करावा लागेल. जुलैत वीज गेली की काही वेळाने टॉवरही झोपतो आणि रेंजसाठी मुले सड्यावर, उंचावरच्या माळावर, जाऊन बसतात. भर पावसात त्यांना तेथे जायला लावणारा अभ्यासक्रम कोणाला नको. म्हणून पाठाचा कणा कागदावर ठेवावा. प्रत्येक आठवड्याची एक कृतिपत्रिका मूल शाळेत येईल त्या दिवशी त्याच्या हाती द्यावी. तिच्यावर दाराशीचे प्रश्न, अंदाजाचा प्रश्न, अर्धवट उदाहरण आणि शेवटचा प्रश्न हे सगळे छापलेले असावे आणि पाठ्यपुस्तकाचे पान लिहिलेले असावे. मोबाइलवर राहील तो केवळ पाच मिनिटांचा व्हिडिओ, तोही कमी रिझोल्यूशनचा आणि डाउनलोड करून ठेवता येईल असा. फॉर्म उघडला नाही तर मुलाने उत्तराचा एक आकडा व्हॉट्सअॅपवर पाठवावा. तो आकडा पाहून कोणती मदत पाठवायची हे तुम्हाला ठाऊकच असेल. जे चांगले साहित्य आधीच आहे ते पुन्हा करत बसू नका: पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक व्यासपीठावर नेतो आणि तेथील साहित्य अॅपमध्ये उतरवून नंतर रेंजशिवाय पाहता येते. त्यातला एखादा भाग तुमच्या पाठात चपखल बसत असेल तर विवेचन तेथून घ्यावे आणि आपली शक्ती प्रश्नांवर खर्च करावी.

मोबाइल घरात कधी असतो, याचाही विचार वेळापत्रकात हवा. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्या काळात वडिलांचा मोबाइल घरी असतो. नौका समुद्रात गेल्या की तो त्यांच्याबरोबर जातो. ज्या घटकांना व्हिडिओवाचून गत्यंतर नाही ते बंदीच्या दिवसांत घेता आले तर घ्यावेत, निदान त्यांचे व्हिडिओ तेव्हाच उतरवून ठेवायला सांगावेत. गणपतीच्या आठवड्यात नवा पाठ ठेवूच नये. चाकरमानी आल्यावर घरात मोबाइल दहा असतात आणि मुलाला वेळ मुळीच नसतो. तो आठवडा आणि त्यानंतरचा आठवडा राहिलेले पाठ भरून काढण्यासाठी मोकळा सोडावा.

पुढचा पाठ कुलूपबंद ठेवावा का, हा तुमचा प्रश्न यावरूनच सुटतो. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नये हा विचार जुना आहे. बेंजामिन ब्लूम आणि फ्रेड केलर या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९६८ मध्ये तो आपापल्या पद्धतीने मांडला आणि ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या मूडलसारख्या प्रणालींत आज तशी कुलपे लावण्याची सोय असते. परंतु या विचारामागे एक अट गृहीत आहे: अडलेल्या विद्यार्थ्याला लगेच वेगळी मदत आणि पुन्हा संधी मिळाली पाहिजे. ती मदत ज्या आठवड्यात पोहोचू शकत नाही, त्या आठवड्यात कुलूप म्हणजे शिक्षा ठरते आणि चार दिवस रेंज नसलेले मूल आपल्या चुकीवाचून मागे पडते. माझे मत असे, की एका उपघटकाच्या आत कुलूप चालेल: अर्धवट उदाहरण पुरे केल्याशिवाय शेवटचा प्रश्न दिसू नये. घटकाघटकांमध्ये मात्र ते नको. ‘धाराविद्युत’ राहिले म्हणून ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ अडवण्याला विज्ञानाच्या दृष्टीनेही आधार नाही. जेथे मागच्यावाचून पुढचे खरोखर अडते, तेथे दाराशीचे तीन प्रश्न ते दाखवून देतीलच.

मुख्याध्यापकांचे म्हणणे अगदीच उडवून लावण्यासारखे नाही. त्यांना वर उत्तर द्यावे लागते आणि तासिका हा तेथे चालणारा हिशेब आहे. म्हणून त्यांच्याशी वाद न घालता नोंदीचा तक्ता तुम्हीच करून द्या: उपघटक, त्याची अध्ययन निष्पत्ती (शेवटी मुलाला काय करता आले पाहिजे), पाठाला लागणारा एकूण वेळ, शेवटच्या प्रश्नाला किती मुलांनी बरोबर उत्तर दिले आणि उरलेल्यांसाठी काय केले. पाच मिनिटांचा व्हिडिओ आणि पंचवीस मिनिटांचे वहीकाम मिळून एक तासिका भरते, हे त्या तक्त्यावरून दिसेल. घटक नियोजनाशी तो ताडून पाहता येतो आणि चित्रफितींच्या यादीपेक्षा तपासणीला तो अधिक उपयोगी पडतो, कारण यादीवरून मुलांनी काय केले हे कोणालाच सांगता येत नाही.

चित्रित केलेल्या तासिका टाकून देण्याची घाई करू नका. त्या स्वतः एकदा पाहा आणि जेथे जेथे तुम्ही प्रश्न विचारून स्वतःच उत्तर दिले आहे, ती मिनिटे टिपून ठेवा. तेथेच चित्रफीत तोडायची, उत्तर कापायचे आणि तो प्रश्न कृतिपत्रिकेवर घ्यायचा. एका तासिकेतून दोन किंवा तीन वापरण्याजोगे तुकडे निघाले तर पुष्कळ झाले. ज्यांतून एकही निघत नाही, तेवढ्याच पुन्हा चित्रित कराव्या लागतील. सगळा अभ्यासक्रम एकदम हाती न घेता आधी एका घटकाचे पाठ असे करून पाहा, शक्यतो ज्या घटकात दरवर्षी तीच ती चूक उत्तरपत्रिकांत दिसते तो निवडा; चुकीचे पर्याय शोधण्यासाठी मागच्या वर्षीच्या घटक चाचणीचा गठ्ठा कपाटात असेल तर तो काढा.